गुरूपुढे पहिल्यांदा जाताना

संशोधनासाठी मार्गदर्शक ठरवण्याआधी विद्यार्थी त्याला एकदा भेटतो. त्या भेटीला जाताना विषयातले किती कळलेले असावे, हा प्रश्न दिसायला व्यवहाराचा आहे. त्याच्या मुळाशी मात्र ज्ञानमीमांसेतला एक जुना पेच आहे. ज्याला विषय पुरता कळला त्याला मार्गदर्शक कशाला हवा? आणि ज्याला काहीच कळलेले नाही, त्याला काय विचारायचे हे तरी कसे कळावे? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिसपुढे हा पेच टाकला जातो आणि शिकणे म्हणजे आत्म्याने पूर्वी जाणलेले आठवणे, असे उत्तर तेथे पुढे येते. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या आरंभी हाच आक्षेप स्वतःवर घेतला आहे. ब्रह्म प्रसिद्ध असेल तर त्याची जिज्ञासा व्यर्थ, अप्रसिद्ध असेल तर अशक्य. त्यांचे उत्तर आठवणीचा आधार घेत नाही. ‘मी आहे’ ही प्रतीती प्रत्येकाला असते, म्हणून आत्मरूपाने ब्रह्म सर्वांना सामान्यपणे ठाऊकच आहे. त्या ‘मी’चे स्वरूप काय, यावर मात्र एकमत नाही. कोणी देहालाच आत्मा म्हणतो, कोणी इंद्रियांना, कोणी मनाला, कोणी क्षणिक विज्ञानाला, आणि कोणी तेथे शून्यच आहे असे म्हणतो. सामान्य ठाऊक आहे आणि विशेष वादग्रस्त आहे, म्हणून विचार करायला जागा उरते.

नैयायिक याच मुद्द्यावर अधिक काटेकोर आहेत. मुळीच न कळलेल्या विषयात न्याय प्रवृत्त होत नाही आणि निर्णय झालेल्या विषयातही होत नाही. तो प्रवृत्त होतो संशयित विषयात, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटले आहे. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशय येतो आणि त्याच्या पाठोपाठ प्रयोजन. संशयाचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण असे: तिन्हीसांजेला दूर काहीतरी उंच उभे दिसते, तो खांब की माणूस, हे ठरत नाही. एवढा साधा संशय पडायलासुद्धा पुष्कळ काही आधी कळलेले लागते. तेथे उंच वस्तू आहे हे दिसावे लागते, खांब आणि माणूस दोन्ही पूर्वी पाहिलेले असावे लागतात, आणि हातपाय दिसले तर माणूस ठरेल हेही माहीत असावे लागते. कमी पडते ते फक्त त्या वेळचे निर्णायक लक्षण. संशय हा ज्ञानाच्या बऱ्याच पायऱ्या चढल्यावर येतो, आधी नाही.

‘सर, विषय तुम्हीच सुचवा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात गाइडला नवे नसते. त्यामागची नम्रता खरी असू शकते. पण नैयायिकांच्या हिशेबाने तेथे संशयच उत्पन्न झालेला नाही, त्यामुळे चर्चेला धरायला काही सापडत नाही. ‘ग्रामीण कथेवर काम करायचे आहे’ हे विधान त्याच्या फारसे पुढे जात नाही. दूर काहीतरी उंच आहे, एवढेच त्यातून कळते. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या कथांत गाव सोडून जाणाऱ्या माणसाचे चित्र बदलते असे दोन संग्रह वाचून वाटते आणि तिसरा संग्रह नेमका त्याच्या उलट जातो, असे कोणी सांगितले तर तेथे संशय उभा राहिला. तो चुकीचाही ठरेल. तीन संग्रहांवरून काही म्हणता येत नाही, असे मार्गदर्शक पहिल्या पाच मिनिटांत दाखवून देईल. तरीही भेट वाया गेलेली नसते, कारण काय चुकले हे दोघांनाही सांगता येते.

उपनिषदांतील गुरुशिष्यांच्या पहिल्या भेटी या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. सनत्कुमार लगेच शिकवायला बसत नाहीत. तुला जे ठाऊक आहे ते घेऊन ये, त्याच्या पुढचे मी सांगेन, अशी त्यांची अट आहे. मग नारद यादी देतो: चारही वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, वादविद्या, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि आणखी कितीतरी. यादी लांबलचक आहे आणि तिच्यात बढाईचा सूर लागणे सहज शक्य होते. पण शेवटी नारद म्हणतो की आपण मंत्र जाणणारे आहोत, आत्मा जाणणारे नाही, आणि आत्मवेत्ता शोक तरून जातो असे ऐकले असूनही आपल्याला शोक होतो. आपल्या विद्येची सीमा कोठे आहे, हे त्याने स्वतःच दाखवले. सनत्कुमार त्या सगळ्या यादीला ‘नाम’ म्हणतात आणि तेथूनच पुढे नेतात. यादी फेकून देत नाहीत.

त्याच उपनिषदाच्या पाचव्या अध्यायातील प्रसंगात शिष्यच पाच आहेत आणि पाचही मोठे गृहस्थ, श्रोत्रिय. आत्मा काय, ब्रह्म काय, हा त्यांचा प्रश्न. ते उद्दालक आरुणीकडे निघतात. उद्दालक त्यांना येताना पाहून मनाशी म्हणतो की हे विचारतील त्या सगळ्याचे उत्तर माझ्याकडे असेलच असे नाही, आणि त्यांना अश्वपती कैकेय राजाकडे पाठवतो. पाठवतो म्हणजे स्वतःही सहावा शिष्य होऊन बरोबर जातो. आपल्या क्षेत्रात न बसणारा विद्यार्थी दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पाठवण्याचे हे फार जुने आणि फार सुंदर उदाहरण आहे. दुर्दैवाने त्याचा दाखला कोणी देत नाही. अश्वपतीला आधी वाटते की ही मंडळी धनासाठी आली असावीत. ते सांगतात की माणूस ज्या कामासाठी आला तेच त्याने बोलावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात समिधा घेऊन जातात, आणि राजा त्यांचे उपनयन न करताच शिकवू लागतो. पण शिकवण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तू आत्मा म्हणून कशाची उपासना करतोस? एक द्युलोक सांगतो, दुसरा सूर्य, मग वायू, आकाश, जल, आणि उद्दालक स्वतः पृथ्वी. प्रत्येकाचे उत्तर वैश्वानर आत्म्याचा एकेक अवयव ठरते. सहाही उत्तरे अपुरी होती, पण ती नसती तर राजाला बोलायला आधार उरला नसता.

या दोन कथांतून पूर्वतयारीचा एक भाग स्पष्ट होतो. आतापर्यंत काय वाचले, त्यातून काय समजले आणि कोठे अडले, हे विद्यार्थ्याने स्वतःपुरते लिहून काढलेले असावे. एक पान पुरते. विद्यापीठात पुढे सिनॉप्सिस सादर करावाच लागतो, पण त्याची भाषा ठरीव असते आणि ‘अडले कोठे’ हा रकाना त्यात नसतो.

प्रश्न येतो कोठून, याविषयी प्रश्नोपनिषद अधिक सांगते. सहा जण पिप्पलादांकडे जातात. त्यांत एक भार्गव वैदर्भी, म्हणजे विदर्भाकडचा. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे, आणि शेवटचा सुकेशा भारद्वाजाचा. त्याची हकिगत अशी की कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ पूर्वी कधीतरी त्याच्याकडे आला होता आणि सोळा कलांचा पुरुष कोणता, असे त्याने विचारले होते. सुकेशाने सांगितले की मला ठाऊक नाही; ठाऊक असते तर सांगितले का नसते? खोटे बोलणारा मुळापासून सुकतो, असेही तो म्हणाला. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. तोच प्रश्न घेऊन सुकेशा आता पिप्पलादांपुढे उभा आहे. आपल्याला उत्तर देता आले नाही अशा जागेतून हा प्रश्न आलेला आहे, आणि सहा प्रश्नांत त्याचेच वजन वेगळे जाणवते. शाळेत शिकवताना, रुग्ण तपासताना, एखादे कागदपत्र वाचताना जेथे खरोखर निरुत्तर व्हावे लागले, तेथून निघालेला संशोधनविषय आणि उपलब्ध विषयांच्या यादीतून उचललेला विषय यांत हाच फरक असतो.

समिधा हातात घेऊन जाण्याची रीत अनेक उपनिषदांत येते आणि मुंडकोपनिषदाने तर ती सांगूनच ठेवली आहे. समिधा ही भेटवस्तू नव्हती. गुरूच्या घरचा अग्नी रोज तेवत ठेवण्याचे काम अंगावर घ्यायला आलो आहे, अशी ती खूण होती. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा असे तीन उपाय एकत्र सांगितले आहेत. त्यांतला मधला उपाय पुढे मागे पडला आणि नमस्कार व सेवा तेवढी टिकली, ही आपल्याकडच्या गुरुभक्तीची मोठी हानी आहे. परिप्रश्न म्हणजे चहूबाजूंनी, फिरून फिरून विचारणे. त्याशिवाय उरलेली दोन अंगे ज्ञानासाठी निरुपयोगी आहेत.

सेवेची मुदत आणि अटी हा वेगळाच विषय आहे आणि उपनिषदे त्याबाबत आश्चर्य वाटावे इतकी प्रामाणिक आहेत. पिप्पलाद आलेल्या सहा जणांना सांगतात: तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांनी आणखी एक वर्ष येथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सगळे सांगू. येथे मुदत सांगितलेली आहे, अट सांगितलेली आहे आणि गुरूच्या ज्ञानाला मर्यादा असू शकते हेही कबूल केलेले आहे. याउलट छांदोग्यातील उपकोसलाची कथा. त्याचा गुरू सत्यकाम जाबाल. उपकोसलाने बारा वर्षे गुरूचे अग्नी सांभाळले. बाकीच्या शिष्यांचे समावर्तन करून सत्यकामाने त्यांना घरी पाठवले. उपकोसलाला मात्र ठेवून घेतले. गुरुपत्नीने नवऱ्याला सांगितले की या मुलाने तप केले आहे, अग्नींची सेवा नीट केली आहे, त्याला उपदेश करा. सत्यकाम काही न सांगता प्रवासाला निघून गेला. उपकोसलाने अन्न सोडले, आणि मग अग्नींनीच त्याला विद्या सांगितली. परंपरेत या कथेचे समर्थन करणारे अर्थ आहेत. पण शिष्याच्या बाजूने पाहिले तर काम चोख करूनही शिकवणे कधी होणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मधे पडली ती घरातली बाई.

आज ही मुदत कागदावर तरी ठरलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे जागा शिल्लक आहे का, हा पहिल्या भेटीतला रास्त प्रश्न आहे. महिन्यातून किती वेळा भेट होईल, लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून मिळेल, मार्गदर्शक निवृत्तीच्या जवळ आहे का, हे विचारणेही उद्धटपणाचे नाही. पिप्पलादांनी न विचारता जे सांगितले तेच आता विचारून घ्यावे लागते, एवढाच फरक. घरची कामे, मुलांच्या शिकवण्या, कार्यक्रमांच्या खुर्च्या मांडणे यांना सेवेचे नाव देण्याची पद्धत काही विभागांत अजून चालते. गीतेतल्या त्या शब्दाची ढाल तिला मिळू नये.

पात्रतेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. ब्रह्मविचाराला कोण पात्र, यावर भाष्यकारांत खोल मतभेद आहेत. शंकराचार्यांच्या मते नित्य आणि अनित्य यांचा विवेक, फळाविषयी वैराग्य, शमदमादी गुण आणि मुक्त होण्याची इच्छा ही चार साधने आधी हवीत. कर्मकांडाचा अभ्यास अपरिहार्य नाही. रामानुजाचार्य म्हणतात की कर्मविचार झाल्यावरच ब्रह्मविचाराची वेळ येते, कारण कर्माचे फळ थोडे आणि नाशवंत आहे हे तो अभ्यास केल्यावरच कळते. एकाने वृत्ती मागितली, दुसऱ्याने आधीचा अभ्यासक्रम. आजची व्यवस्था रामानुजांच्या बाजूची म्हणता येईल: सर्वसाधारणपणे पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण, मग नेट किंवा विद्यापीठाची पेट. वृत्तीची चाचणी घेणारी परीक्षा अजून निघालेली नाही आणि ती निघू नये हेच बरे.

पण पात्रतेची तिसरी, जन्माची कसोटी होती आणि तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही. सत्यकाम जाबाल स्वतः शिष्य होता तेव्हा हारिद्रुमत गौतमांकडे गेला. गोत्र विचारल्यावर त्याने आईने सांगितले तेच सांगितले: तारुण्यात अनेकांच्या घरी राबत असताना तू झालास, गोत्र मला माहीत नाही. गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. ही कथा सत्यालाच पात्रता मानणारी म्हणून वाचता येते. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात मात्र ती उलट वापरली गेली. असे बोलणे ब्राह्मणाखेरीज कोणाला जमणार नाही, या गौतमांच्या उद्गारावर बोट ठेवून सत्यकाम शूद्र नसल्याची खात्री पटल्यावरच उपनयन झाले असा अर्थ काढला गेला, आणि शूद्रांना वेदाध्ययन नाकारण्यासाठी तो पुरावा झाला. सतराव्या शतकात ब्राह्मण कुटुंबातल्या बहिणाबाईंनी तुकारामांना गुरू मानले तेव्हा घरातूनच विरोध झाला. त्यांच्या आत्मकथनपर अभंगांनुसार गुरूची भेट आधी स्वप्नात झाली, प्रत्यक्ष देहूला जाणे नंतर. ज्याच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोहोचलेले नाही असा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या दाराशी आज अडखळतो, तेव्हा ती तयारीची उणीव समजणे चूक आहे. बोलण्याची रीत, कोणती पुस्तके ‘सगळ्यांना माहीत असतातच’ याची कल्पना, इंग्रजीचा सराव, या गोष्टी घरातून मिळतात आणि त्यांना पात्रता म्हटले जाते.

परीक्षा एकतर्फी असावी असे परंपरेने कधीच मानलेले नाही. मुंडक गुरूविषयी दोन अटी घालते, तो श्रोत्रिय हवा आणि ब्रह्मनिष्ठ हवा. म्हणजे शास्त्र जाणणारा आणि त्यात स्वतः मुरलेला. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात बुद्ध त्याहून पुढे जातात. भिक्षूने तथागतालाच पारखावे, डोळ्यांना दिसणारे आणि कानांना ऐकू येणारे आचरण तपासावे, आणि मगच विश्वास ठेवावा, असे ते सांगतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात आधी गुरूची लक्षणे सांगितली आणि त्यानंतर शिष्याची. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. संशोधकाला डोळ्यांनी तपासता येते ते मार्गदर्शकाचे लेखन आणि त्याच्या हाताखाली पुरे झालेले प्रबंध. हे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोठ्या संख्येने घरबसल्या वाचायला मिळतात. त्यांतले दोन वाचले तरी हा मार्गदर्शक विद्यार्थ्याला स्वतःच्या पायांवर उभा राहू देतो, की सगळ्यांकडून एकच प्रबंध वेगवेगळ्या नावांनी लिहून घेतो, हे दिसते. कानांनी तपासायचे ते आधीच्या विद्यार्थ्यांकडून.

प्रत्यक्ष बोलणे कसे असावे, याबद्दल न्यायसूत्रांत नेमके मार्गदर्शन आहे. चौथ्या अध्यायात गौतम सांगतो की शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याण इच्छिणारे निर्मत्सर लोक यांच्याशी संवाद करावा. पुढे तो एक सवलत देतो: गरज असेल तर प्रतिपक्ष न मांडताही अशा संवादात उतरावे. वात्स्यायन याचा खुलासा असा करतो की स्वतःचा पक्ष लढवत न बसता केवळ जाणण्याची इच्छा व्यक्त करावी आणि समोरच्याच्या बोलण्यातून आपले मत शुद्ध करून घ्यावे. मत नसावे असे तो म्हणत नाही. मत आहेच, ते जिंकण्यासाठी आणलेले नाही.

जिंकण्यासाठी आलेल्यांच्या कथाही आहेत. बृहदारण्यकातला गार्ग्य बालाकी काशीच्या अजातशत्रूला ब्रह्म शिकवायला गेला आणि त्याचाच शिष्य होऊ पाहू लागला. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभट हा विद्वत्तेच्या घमेंडीत चक्रधरस्वामींकडे वाद घालायला आला होता. त्याच म्हाइंभटाने पुढे आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले आणि मराठीला तिचा एक आद्य गद्यग्रंथ मिळाला. घमेंडीने आलेला माणूस निदान आपला पक्ष बरोबर आणतो, त्यामुळे त्याला खोडता येते. मान डोलावत सगळे ऐकून घेणाऱ्याचे तेवढेही करता येत नाही.

पहिल्या भेटीत मांडलेले मत मार्गदर्शकाला पटलेच पाहिजे असे नाही, आणि शेवटपर्यंत पटले नाही तरी काम होऊ शकते. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. चलनाच्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर आंबेडकरांनी कठोर टीका केली होती; कॅनन त्या पद्धतीकडे अनुकूलतेने पाहणाऱ्यांपैकी होते. प्रबंध १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने पुस्तकरूपाने निघाला. त्याची प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली, आणि लेखकाच्या टीकेतले पुष्कळसे आपल्याला मान्य नाही, हे तिच्या आरंभीच सांगून टाकले.